कुलाब्याची बंदिवान : १७१२-१३ सालच्या एका सुटकेची बोलणी

२०११ सालच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी आमच्या गावातल्या एक वहिनी घरी आल्या. हातात सायबर कॅफेतून काढून आणलेल्या इंग्रजी ईमेलच्या प्रिंटा होत्या. त्यांचे यजमान मालवाहू जहाजावर ऑइलर. ते जहाज सोमाली चाच्यांनी पळवून नेऊन काही महिने झाले होते. मी बँकेत कारकून. इंग्रजी पत्रे वाचायची सवय आहे आणि जुन्या आंगरेकालीन कागदांचा नाद आहे हे गावाला माहीत. म्हणून त्या माझ्याकडे आल्या. मी पत्रे वाचून दाखवली. सगळ्यांचा आशय एकच होता : बोलणी चालू आहेत, धीर धरा, कोणाशी काही बोलू नका.

वहिनींनी दोन प्रश्न विचारले. "भाऊ, पैसे किती ते ठरवतं कोण? आणि माणूस आमचा असून आमच्याशी कुणी बोलत का नाही?"

मला उत्तर देता आले नाही. पण त्या गेल्यावर रात्री लक्षात आले की, हे दोन्ही प्रश्न मी आधी कुठेतरी वाचलेत. प्रश्न म्हणून नव्हे. एका हकिकतीच्या पोटात दडलेले. ती हकिकत आमच्या घरापासून पायी जाता येईल अशा ठिकाणी घडली होती. १७१२ च्या हिवाळ्यात अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्यात एक अठराएक वर्षांची इंग्रज बाई कैदेत होती आणि मुंबईत तिच्या सुटकेची बोलणी चालली होती. गेली अनेक वर्षे मी फावल्या वेळात या प्रकरणाचे धागे जुळवत आलो आहे. मी इतिहासाचा पदवीधर नाही. माझे शिक्षण खतावण्या जुळवण्याचे. आणि हे प्रकरण मला उलगडले तेही खतावणीच्याच वाटेने.

कॅथरिन कुक कारवारला कशी आली

तिचे माहेरचे नाव कॅथरिन कुक. वडील जेरार्ड कुक हे ईस्ट इंडिया कंपनीच्या कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये तोफखान्यावर होते. १७०९ साली हे कुटुंब 'लॉयल ब्लिस' नावाच्या जहाजाने इंग्लंडहून बंगालकडे निघाले. वाऱ्याने दगा दिला आणि पाण्यासाठी जहाज कारवारच्या बंदरात आले. कारवारला कंपनीची मिरीच्या व्यापाराची वखार होती आणि वखारीचा प्रमुख होता जॉन हार्वे. हा वयस्क, शरीराने व्यंग असलेला, पण पैसेवाला गृहस्थ. त्याने कुकच्या थोरल्या मुलीला मागणी घातली. मुलगी तेरा-चौदा वर्षांची. लग्न झाले. जहाज पुढे बंगालला गेले आणि कॅथरिन कारवारला राहिली.

१७११ मध्ये हार्वे वारला. काही महिन्यांतच तिने टॉमस चाऊन या कंपनीच्या तरुण फॅक्टरशी लग्न केले. दोघांपुढे एक अडचण होती. हार्वेची मालमत्ता मोठी होती. पण त्याचा खाजगी व्यापार आणि कंपनीचा व्यापार यांचे हिशेब एकमेकांत इतके गुंतले होते की, कंपनीने ती मालमत्ता मोकळी केली नव्हती. विधवेचा वाटा मिळवायचा तर मुंबईला जाऊन कौन्सिलपुढे दाद मागणे भाग होते.

नोव्हेंबर १७१२ मध्ये कारवारहून 'ॲन' नावाचे केच जातीचे छोटे जहाज निघाले. त्याच्या रक्षणासाठी मुंबईचा गव्हर्नर विल्यम एस्लाबी याची तोफा चढवलेली यॉट सोबत होती. वाटेत कान्होजी आंगऱ्यांच्या गुराबांनी त्यांना गाठले. लढाई झाली. टॉमस चाऊनला गोळा लागला आणि तो मेला. दोन्ही जहाजे पाडाव झाली आणि कॅथरिन इतर कैद्यांबरोबर कुलाब्याच्या किल्ल्यात आली. त्या वेळी ती गरोदर होती.

कोणाची साक्ष किती धरायची

इंग्रजी पुस्तकांतून ही गोष्ट पुष्कळदा रंगवून सांगितली गेली आहे. रंग भरणाऱ्यांचा मूळ आधार बहुधा क्लेमंट डाउनिंग हा खलाशी. त्याचे आंगऱ्यांवरचे पुस्तक १७३७ साली छापले गेले. त्यात तो सांगतो की, तिला सोडवायला गेलेल्या लेफ्टनंट मॅकिंटॉशला तिची लाज झाकण्यासाठी आपले कपडे तिच्याभोवती गुंडाळावे लागले आणि कैदेतला सारा छळ तिने धैर्याने सोसला. पण १७१२-१३ मध्ये डाउनिंग या किनाऱ्यावर नव्हताच. तो नंतर आला आणि आंगऱ्यांवरच्या फसलेल्या इंग्रजी मोहिमांत होता. हरलेल्या फौजेच्या तांड्यांत शत्रूविषयी काय बोलले जाते हे सांगायला नको. कर्नल जॉन बिडल्फ याने १९०७ साली कंपनीच्या दप्तरांवरून या बाईचे चरित्र जुळवले, ते अधिक विश्वासाचे. मात्र आंगऱ्यांना चाचे म्हणण्याची सवय त्याच्याही हातून सुटलेली नाही.

म्हणून डाउनिंगची कपड्यांची गोष्ट मी पुरावा म्हणून धरत नाही. पण आपल्या सरखेलाचे नाव आले म्हणून ती झटकूनही टाकत नाही. नवरा डोळ्यांदेखत मेला आहे, पोटात मूल आहे, भाषा कळत नाही, चहूबाजूंनी भरतीचे पाणी आहे. अशा कैदेत छळ झाला नाही असे म्हणायला कोणाचीही जीभ रेटू नये.

आमचे सरखेलही तेच करीत होते का?

ही हकिकत मी वहिनींना सांगितली तेव्हा त्यांनी सरळ विचारले, "म्हणजे आपले कान्होजी तरी वेगळं काय करत होते?"

अलिबागकर माणसाला हा प्रश्न टोचतो. मला टोचला. पण त्याचे उत्तर घोषणेने देता येत नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून या समुद्रात परवान्याची पद्धत आणली. त्यांचा 'कार्ताझ' घेतल्याशिवाय इथल्या व्यापाऱ्याचे तारू चालू द्यायचे नाही, दिसले तर पकडायचे. कोकण किनाऱ्याचे धनी म्हणून आंगऱ्यांनी दस्तक मागितले, त्यात नवे काही नव्हते. इंग्रजांचे म्हणणे असे की, आम्ही आणि आमच्या निशाणाखालचे कोणीही दस्तक घेणार नाही. अडचण याच शेवटच्या शब्दांत होती. पुष्कळ देशी व्यापारी इंग्रजी निशाण लावून माल हलवीत, आणि असे जहाज पकडले की मुंबईहून तक्रार येई. १७०२ साली सहा इंग्रज असलेले एक जहाज कान्होजींनी पकडले, तेव्हापासून हा तंटा चालू होता. दोन्ही बाजू एकमेकांची जहाजे धरीत आणि माणसे अडकवीत.

माणूस अडकवून बोलणी करणे ही त्या काळच्या राजकारणाची रोजची रीत होती. शाहू महाराज १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटले, पण आई येसूबाई ओलीस म्हणून मागे राहिल्या. त्यांच्या सुटकेसाठी १७१९ उजाडावे लागले आणि बाळाजी विश्वनाथांना फौज घेऊन दिल्लीपर्यंत जावे लागले. खुद्द कान्होजींनी १७१३ मध्ये शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केले होते. त्यांची सुटकाही बाळाजी विश्वनाथांनी वाटाघाटीनेच केली.

तेव्हा फरक आहे. कान्होजींच्या मागे राज्य होते, त्यांच्या शब्दाला तह म्हणत, आणि तह झाला की माणसे परत जात. सोमालियाच्या किनाऱ्यावर हे नव्हते. 'अस्फाल्ट व्हेंचर' हे जहाज सप्टेंबर २०१० मध्ये पळवले गेले, एप्रिल २०११ मध्ये पैसे पोचले, जहाज सुटले; पण भारतीय नौदलाने पकडलेल्या आपल्या साथीदारांच्या बदल्यात म्हणून चाच्यांनी सात भारतीय खलाशी मागेच ठेवून घेतले. ते घरी आले ऑक्टोबर २०१४ मध्ये. पैसे घेऊन शब्द मोडणारा आणि तह पाळणारा यांना एका तागडीत टाकता येणार नाही.

हे सगळे मी वहिनींना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "फरक तुमच्यासाठी आहे भाऊ. आत बसलेल्या माणसाला काय फरक?"

हेही खरे आहे. या लेखात मला दोन्ही गोष्टी सांगायच्या आहेत, आणि एकीने दुसरी खोडली जात नाही.

बोलण्यांना कोण बसले होते

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बोलणी कोणी केली?

पहिली चाल कान्होजींची होती. १७१२-१३ चा तो हिवाळा त्यांना सोपा नव्हता. शाहू आणि ताराबाई यांच्या भांडणात ते ताराबाईंच्या बाजूला होते, त्यामुळे घाटावरून शाहूंची फौज कोकणात उतरण्याची भीती होती. पोर्तुगीजांशी वैर होते आणि मुंबईकर इंग्रज पोर्तुगीजांशी संधान बांधण्याच्या विचारात होते. जमिनीवर एक शत्रू आणि समुद्रावर दोन, हे कोणाही सेनापतीला परवडत नाही. त्यांनी मुंबईला निरोप पाठवला की, तहाला तयार आहे, वजनदार इंग्रज माणूस बोलणीसाठी पाठवा. त्यांच्या पदरी त्या वेळी गव्हर्नरची यॉट होती, 'ॲन' होते आणि कैदी होते.

एस्लाबीलाही तह हवा होता. मुंबईचे आरमार दुबळे, व्यापाराचा हंगाम चालू, आणि खुद्द गव्हर्नरची यॉट शत्रूच्या बंदरात. ही नामुष्की लवकर मिटावी हे उघड आहे.

तहात ठरले ते थोडक्यात असे : आंगऱ्यांनी पकडलेली जहाजे आणि कैदी परत करावेत, इंग्रजांच्या जहाजांना त्रास देऊ नये, रिवाजाप्रमाणे जकात भरून एकमेकांच्या बंदरांत व्यापार चालावा, आणि इंग्रजांनी इंग्रज व्यापाऱ्यांची नसलेली जहाजे आपल्या निशाणाखाली चालवू देऊ नयेत. हे शेवटचे कलम नीट पाहावे. दहा वर्षांच्या तंट्याचे मूळ तेच होते आणि ते कान्होजींच्या बाजूने मान्य झाले. कैद्यांसाठी तीस हजार रुपये ठरले. फेब्रुवारी १७१३ मध्ये लेफ्टनंट मॅकिंटॉश ते पैसे घेऊन कुलाब्याला गेला आणि कैद्यांना घेऊन मुंबईला परतला. पकडल्यापासून सुटकेपर्यंत तीन-साडेतीन महिने.

या बोलण्यांत कॅथरिनच्या बाजूने कोणी नव्हते. नवरा मेलेला. आईबाप कलकत्त्यात, म्हणजे समुद्रमार्गाने सगळा हिंदुस्थान वळसा घालून गेल्यावर. एस्लाबी कंपनीसाठी बोलत होता, कान्होजी आपल्या किनाऱ्यासाठी. तिची सुटका झाली ती दोघांनाही एकाच वेळी तह हवा होता म्हणून. शाहूंच्या फौजेची भीती नसती, तर ती किती दिवस कुलाब्यात राहिली असती कोण जाणे.

आणि हे एकट्या तिचे नव्हते. पन्नास वर्षे मागे जाऊन पाहू. १६६० मध्ये राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांनी पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफगोळे पुरवले आणि इंग्रजी निशाण लावून ते डागले. शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापूर घेतले तेव्हा हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याच्या सोबत्यांना कैद केले. ही मंडळी सुरतेच्या वरिष्ठांकडे सोडवण्यासाठी गयावया करीत होती. सुरतेहून उत्तर गेले ते असे की, तुम्ही कंपनीच्या मालाचे रक्षण करताना पकडले गेलेला नाहीत, पन्हाळ्याला जाऊन गोळे टाकल्याबद्दल पकडले गेला आहात. अर्थ स्पष्ट होता : तुमची किंमत आमच्या खात्यात धरू नका. ते लोक १६६३ च्या सुरुवातीला सुटले. मालकाने माणसाला सोडवायचे की नाही, हे माणूस कोणत्या खात्यात लिहिला आहे त्यावर ठरते. बँकेत काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

तीस हजार म्हणजे किती?

त्या काळी साधारण आठ रुपयांना एक पौंड धरीत. त्या हिशेबाने तीस हजार रुपये म्हणजे पावणेचार हजार पौंड. कंपनीच्या फॅक्टरचा ठरलेला वार्षिक पगार पंधरा पौंड होता. टॉमस चाऊनसारख्या माणसाच्या अडीचशे वर्षांच्या पगाराएवढी ही रक्कम. अर्थात पंधरा पौंडांवर कोणी जगत नसे. सगळे खाजगी व्यापार करीत आणि कंपनी त्याकडे काणाडोळा करी. हिशेब गुंतत ते त्यामुळेच.

आपल्या भाषेत या रकमेला खंडणी म्हणतात. हा शब्द चमत्कारिक आहे. जिंकलेल्या राजाकडून वसूल करायची तीही खंडणी आणि पोर पळवणाऱ्या गुंडाने मागायची तीही खंडणी. खंडणे म्हणजे तोडणे, आणि सौदा तोडणे म्हणजे भाव पक्का करणे, असा जुना अर्थ त्यात आहे. रक्कम ठरवणे हाच त्या शब्दाचा गाभा. वहिनींनी नेमके तेच विचारले होते : ठरवतं कोण? आपल्या भाषेने देणारा आणि घेणारा यांच्यासाठी शब्द ठेवला आहे. ज्याच्यासाठी दिले घेतले जाते त्याच्यासाठी 'ओलीस' एवढाच, आणि त्याला बोलायचे काम नाही.

२०११ मध्येही चित्र फारसे वेगळे नव्हते. जहाजमालक, त्याची विमा कंपनी, विमा कंपनीने नेमलेला बोलणी करणारा माणूस आणि समोर चाच्यांचा दुभाषा, असा तो चौरंग. रक्कम ठरली की नोटा छोट्या विमानातून पॅराशूटने समुद्रात टाकायच्या. खलाशाच्या बायकोला फोन येई तो चाच्यांचा, तिने रडून मालकावर दडपण आणावे म्हणून. मालकाकडून ईमेल येई तो गप्प राहा म्हणून. आपल्या वहिनी गप्प राहिल्या नाहीत. इतर खलाशांच्या घरच्यांचे नंबर मिळवून त्यांनी एकमेकींना धरून ठेवले, मुंबईला जाऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, दिल्लीला निवेदने पाठवली. ती निवेदने मी लिहून देत असे. त्याने रक्कम ठरली असे मी म्हणणार नाही. पण जहाजाबरोबर माणसेही आहेत, हे त्या चौरंगावरच्या मंडळींना विसरता आले नाही एवढे नक्की. दहाव्या महिन्यात जहाज सुटले आणि दादा घरी आले.

सुटकेनंतरची कैद

इथे माझ्या दृष्टीने खरी गोष्ट सुरू होते. इंग्रजी पुस्तके कुलाब्याच्या साडेतीन महिन्यांवर थांबतात, कारण तिथे चाचा आहे, किल्ला आहे आणि बाई आहे. पुढचे सगळे हिशेबाचे आहे आणि हिशेब वाचायला कोणाला आवडत नाही.

मुंबईत परतल्यावर कॅथरिनला मुलगा झाला. वयाच्या अठराव्या वर्षी ती दोनदा विधवा झाली होती आणि ज्या हक्कासाठी कारवारहून निघाली होती तो अजून कागदातच होता. हार्वेच्या मालमत्तेतला वाटा मिळवण्यासाठी तिने कौन्सिलकडे अर्ज केले. यथावकाश तिने विल्यम गिफर्ड या कंपनीच्या तिसऱ्या नोकराशी लग्न केले. गिफर्डला केरळच्या किनाऱ्यावर अंजंगोच्या वखारीचा प्रमुख नेमण्यात आले. एप्रिल १७२१ मध्ये मिरीच्या व्यापारातल्या त्याच्या वागणुकीने चिडलेल्या स्थानिक लोकांनी आट्टिंगल इथे त्याला आणि त्याच्या सुमारे १४० माणसांना ठार मारले. कॅथरिन तिसऱ्यांदा विधवा झाली. इतर बायकामुलांसह ती गलबतातून मद्रासला पोचली आणि तिथून कलकत्त्याला माहेरी गेली.

आता कंपनी तिच्या मागे लागली. गिफर्डने कंपनीचा पैसा खाजगी व्यापारात वापरला, त्याचा हिशेब विधवेने द्यावा, रक्कम भरावी, असा तगादा सुरू झाला. दहा वर्षांपूर्वी तिला सोडवण्यासाठी तीस हजार मोजणारी हीच कंपनी. शेवटी रॉयल नेव्हीचा कमोडोर टॉमस मॅथ्यूज याच्या 'लायन' या जहाजावर तिने आसरा घेतला आणि त्यातून ती इंग्लंडला गेली. वाचकांच्या लक्षात यावे म्हणून सांगतो : हा मॅथ्यूज तोच, जो डिसेंबर १७२१ मध्ये पोर्तुगीज आणि मुंबईकरांची संयुक्त फौज कुलाबा घ्यायला आली तेव्हा इथे, अलिबागच्या वाळूवर, हात हलवीत परत गेला. कुलाबा ज्याला घेता आला नाही, त्याने कुलाब्याच्या जुन्या कैद्याला तिच्याच कंपनीच्या हातून सोडवले. इंग्लंडमध्येही कंपनीशी तिचा हिशेबाचा वाद चालू राहिला.

खतावणीच्या भाषेत मांडले तर असे दिसते : आंगऱ्यांनी तिला तीन-साडेतीन महिने ठेवले आणि खाते मिटवले. कंपनीने तिच्या दोन नवऱ्यांची खाती तिच्या नावावर वर्षानुवर्षे उघडी ठेवली. कान्होजींची बाजू उजळ करावी म्हणून मी हे लिहीत नाही. त्यांच्या कैदेतली एक रात्रही कमी भयंकर होती असे माझे म्हणणे नाही. पण सुटका म्हणजे शेवट, हे इतिहास लिहिणाऱ्यांनी गृहीत धरले ते चूक आहे.

हे मला समजले तेही वहिनींमुळे. दादा परत आल्यावर पेढे वाटले, गावदेवीला नारळ फोडला. दोनेक महिन्यांनी त्या पुन्हा प्रिंटा घेऊन आल्या. या वेळी पत्र हिशेबाचे होते. मालकाचे म्हणणे, कराराची मुदत कैदेत असतानाच संपली, पुढच्या महिन्यांत त्यांनी काम केलेले नाही, सबब पगार देय नाही. दादांना वाचून दाखवताना माझा आवाज लागेना. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे पळवून नेलं ते आम्ही रजेवर गेलो होतो." त्यांनी दावा लावला, अर्धीमुर्धी रक्कम मिळाली. ते पुन्हा जहाजावर चढले नाहीत. आता गावात त्यांचे मोटारी दुरुस्त करायचे दुकान आहे.

असे अनेकांच्या वाट्याला आले, म्हणूनच नियम बदलावा लागला. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात २०१८ साली सुधारणा झाली : खलाशी चाच्यांच्या ताब्यात असेपर्यंत, कराराची मुदत संपली तरी, त्याचा करार चालू धरावा आणि पगार देत राहावा. ही सुधारणा डिसेंबर २०२० पासून लागू झाली. कॅथरिन कुकने मुंबईच्या कौन्सिलपुढे पहिला अर्ज केल्याला तेव्हा तीनशे वर्षे उलटून गेली होती.

त्या सुधारणेची बातमी मी दादांच्या दुकानात जाऊन वाचून दाखवली. ते गाडीखाली होते. खालूनच "बरं झालं" म्हणाले. वहिनींनी चहा दिला आणि कुलाब्याच्या त्या बाईचे पुढे काय झाले, असे विचारले. मी इंग्लंडपर्यंतचे सगळे सांगितले.

"आणि मुलगा?" त्या म्हणाल्या. "कैदेत पोटात होता तो?"

इतकी वर्षे मी रकमा जुळवत होतो. तीस हजार, पंधरा पौंड, विधवेचा वाटा. हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता. त्या संध्याकाळी घरी येऊन मी वहीत नवे पान काढले आणि वर त्याची नोंद केली : कॅथरिन चाऊनचा मुलगा, जन्म मुंबई, १७१३. पुढचा शोध तिथून.